कुपीवरचे नाव आणि कुपीतला पदार्थ

गोव्यातल्या सत्तरीत किंवा सांग्यात काजूच्या बागेत काम करणाऱ्या माणसाला साप चावला की आरोग्य केंद्रात पहिला प्रश्न येतो तो "कोणता साप?" हा. या प्रश्नामागे मोठे कारण आहे. आपल्या देशात मिळणारे सर्पविषावरचे इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष घोड्याला थोड्याथोड्या मात्रेने टोचून, त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, वेगळी काढून बनवलेले असते. ती प्रतिपिंडे या चार विषांना ओळखतात. सह्याद्रीच्या ओल्या पाचोळ्यात दडून बसणारा, हंप-नोज्ड पिट व्हायपर या नावाने ओळखला जाणारा चापडा त्या चौघांत नाही. त्याच्या दंशाची लक्षणे फुरशाच्या दंशासारखी वाटू शकतात, पण या इंजेक्शनाचा त्याच्यावर भरवशाचा उपयोग होत नाही. प्रतिपिंड जे ओळखायला शिकले तेच ओळखते. कुपीवर काय छापले आहे, याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. रुग्णालयातल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना हे पक्के ठाऊक असते, म्हणूनच ते सापाचे नाव विचारतात.

संशोधनाच्या प्रयोगशाळेत मात्र आपण हा प्रश्न विचारेनासे झालो आहोत, आणि त्याची किंमत सार्वजनिक पैशातून चुकती होत आहे. माझे म्हणणे असे की सरकारी अनुदानातून विकत घेतलेली कोणतीही संशोधन-अँटिबॉडी केवळ लेबलवर विश्वास ठेवून वापरली जाऊ नये. ती ठरलेले प्रथिन ओळखते, आणि ते प्रथिन नसेल तेव्हा गप्प राहते, हे त्या त्या प्रयोगशाळेत, त्या त्या पद्धतीत दाखवून मगच तिच्या आधारे निष्कर्ष काढावेत. आणि या तपासणीला लागणारा पैसा व वेळ अनुदान देणाऱ्या संस्थेने प्रकल्प मंजूर करतानाच वेगळा धरावा. हा विषय वरवर पाहता मूठभर शास्त्रज्ञांचा आहे. पण कर्करोगाचे निदान, औषधांचा शोध, समुद्रातल्या प्रदूषणाचे मोजमाप या सगळ्याच्या तळाशी या इवल्याशा कुप्या आहेत, आणि त्या करदात्याच्या पैशाने येतात.

प्रथिने डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाच्या जनुकसंचात प्रथिनांची कृती सांगणारी सुमारे २०,००० जनुके आहेत, आणि एकाच पेशीत हजारो प्रकारची प्रथिने एकाच वेळी खच्चून भरलेली असतात. त्या गर्दीतून एकच प्रथिन हुडकायचे तर त्याला नेमके चिकटणारे काहीतरी हवे, आणि प्रतिपिंड नेमके तेच करते. १९५९-६० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी गिनिपिगांना इन्सुलिन टोचून मिळवलेल्या रक्तद्रवाच्या साहाय्याने माणसाच्या रक्तातले इन्सुलिन मोजले. १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये इव्हा एंगवाल आणि पीटर पर्लमन यांनी एलायझाची, म्हणजे प्रतिपिंड वापरून नमुन्यातले प्रथिन मोजण्याच्या चाचणीची, पद्धत मांडली. १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडे अखंड बनवत राहणाऱ्या पेशी, म्हणजे हायब्रिडोमा, तयार करून दाखवल्या. या सगळ्या कामांत मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या माणसांनी प्रतिपिंड वापरले, त्यांनी ते स्वतः तयार केले होते, किंवा ज्याने तयार केले त्याला ते ओळखत होते. ते कशाला चिकटते आणि कशाला चिकटत नाही, हे शोधणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. आज आपण कॅटलॉग उघडतो, प्रथिनाचे नाव टाइप करतो आणि चाळीस कंपन्यांच्या यादीतून एक निवडतो. सोय मोठी झाली, यात वाद नाही. पण त्या सोयीबरोबर तपासणीची जबाबदारी मात्र कोणाच्याच टेबलावर उरली नाही.

ज्यांनी वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे अँटिबॉडी वापरून प्रथिन शोधण्याचा नेहमीचा प्रयोग, पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी तो थोडा जवळून दाखवायला हवा, कारण फसगत नेमकी कुठे होते हे त्याशिवाय कळणार नाही. पेशी फोडून त्यांतली सगळी प्रथिने साबणासारख्या एका रसायनात उकळायची. त्यामुळे त्यांच्या घड्या सुटतात आणि ती सरळ होतात. मग काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये गोठवलेल्या जेलमधून विजेच्या दाबाने ती पळवायची. हलकी प्रथिने खाली धावतात, जड वर रेंगाळतात. जेलमधून ती कागदासारख्या पातळ मेंब्रेनवर उतरवायची आणि ते मेंब्रेन स्किम्ड दुधाच्या पावडरीच्या पाच टक्के द्रावणात तासभर भिजत ठेवायचे. आपल्या स्वयंपाकघरात असते तीच ही पावडर; मेंब्रेनवरच्या मोकळ्या जागा दुधातल्या प्रथिनांनी भरून जातात आणि अँटिबॉडी भलतीकडे चिकटत नाही. त्यानंतर चार अंश तापमानाच्या थंड खोलीत, हलत्या तबकावर, रात्रभर अँटिबॉडी. दुसऱ्या दिवशी धुणे, पहिलीला चिकटणारी दुसरी अँटिबॉडी, पुन्हा धुणे, आणि शेवटी प्रकाश देणाऱ्या रसायनाचे दोन थेंब. यंत्राच्या पडद्यावर काळी रेघ उमटते. तिलाच आम्ही बँड म्हणतो. ती रेघ अपेक्षित वजनाच्या जागी असली की विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर दोन दिवसांच्या श्रमाचे समाधान दिसते, आणि ते पाहून मार्गदर्शकालाही पुढचा प्रश्न विचारवत नाही.

पुढचा प्रश्न असा आहे की ही रेघ कोणाची? वजन जुळले म्हणजे ओळख पटली, असे होत नाही. पन्नास किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचे एकक) आसपास वजन असलेली प्रथिने पेशीत कितीतरी असतात. अँटिबॉडी अख्खे प्रथिन पाहत नाही. ती त्याच्या पृष्ठभागावरचा अगदी लहान तुकडा, बहुधा मोजक्या अमिनो आम्लांचा, ओळखते, आणि तसाच तुकडा दुसऱ्या प्रथिनावर असला तर त्यालाही तितक्याच विश्वासाने चिकटते. शिवाय ब्लॉटमध्ये घडी उलगडलेले प्रथिन ओळखणारी अँटिबॉडी, ऊतीच्या कापात किंवा जिवंत पेशीत, जिथे ते प्रथिन घडी घातलेले असते तिथे, तेच ओळखेल याचीही हमी नाही. एका पद्धतीत खरी ठरलेली अँटिबॉडी दुसरीत खोटी ठरू शकते. म्हणून "ही अँटिबॉडी चांगली आहे" हे विधान अपुरे आहे. कोणत्या पेशीत, कोणत्या पद्धतीत, कशाच्या तुलनेत चांगली, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

या प्रश्नाची उत्तरे मला पुस्तकातून मिळाली नाहीत. गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करत असताना मी आणि माझी एक विद्यार्थिनी आठ महिने एका प्रथिनाच्या मागे होतो. कुपी शंभर मायक्रोलिटरची होती, म्हणजे दोन-तीन थेंबांची, आणि तिच्यासाठी चाळीस हजारांच्या घरात रक्कम गेली होती. थर्मोकोलच्या खोक्यात, बर्फाच्या पिशव्यांत गुंडाळून ती मुंबईहून आली, तेव्हा तिचे लहान लहान वाटे करून आम्ही देवाच्या प्रसादासारखे जपून ठेवले. चवथीच्या सुट्टीत वीज गेली तर फ्रीझर बंद पडू नये म्हणून ती मुलगी घरचा गणपती सोडून दुपारी लॅबमध्ये येऊन गेली होती. बँड दर वेळी जागेवर येत होता. औषध दिलेल्या पेशींत तो गडद व्हायचा, न दिलेल्यांत फिका. आम्ही आलेख काढले, परिषदेत पोस्टर लावले. मग दुसऱ्या राज्यातल्या एका सहकाऱ्याने ते जनुकच कापून टाकलेल्या, म्हणजे नॉकआउट पेशी पाठवल्या. त्या पेशींत ते प्रथिन असणे शक्यच नव्हते. आम्ही जेल चालवली, आणि नॉकआउटच्या रकान्यात तीच काळी रेघ, त्याच जागी, तितकीच ठसठशीत उभी राहिली. त्या संध्याकाळी आम्ही दोघेही फारसे बोललो नाही. कंपनीला कळवले तेव्हा तिने खेद व्यक्त करून दुसऱ्या लॉटमधली एक कुपी विनामूल्य पाठवली. त्या कुपीने बँडच दाखवला नाही. आठ महिने आम्ही कोणते प्रथिन मोजत होतो, हे मला आजही ठाऊक नाही.

आमचे नुकसान लहान होते. टोरंटोमध्ये एलेफ्थेरिओस डायमँडिस यांच्या गटाने स्वादुपिंडाच्या कर्करोगाची खूण म्हणून सीयूझेडडी१ या प्रथिनाचा मागोवा घेतला. बाजारात मिळणारा एलायझा किट वापरून दोन वर्षे, पाच लाख डॉलर आणि रुग्णांचे हजारो नमुने खर्ची पडल्यावर त्यांना कळले की तो किट सीयूझेडडी१ ओळखतच नाही. तो सीए-१२५ या वेगळ्याच, अंडाशयाच्या कर्करोगात आधीपासून माहीत असलेल्या प्रथिनाला चिकटत होता. त्यांनी हे दडवून ठेवले नाही, प्रसिद्ध केले, आणि त्यासाठी त्यांचे ऋण मानायला हवे. त्याहून मला अस्वस्थ करते ती इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटाची कथा. हे प्रथिन १९९६ मध्ये सापडले. स्तनाच्या कर्करोगात त्याची भूमिका काय, यावर पुढची वीस वर्षे निबंधांमागून निबंध निघाले, आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांना छेद देत राहिले. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी या प्रथिनासाठी वापरल्या जाणाऱ्या १३ अँटिबॉडीज काटेकोरपणे तपासल्या, तेव्हा त्यांतली एकच खरी ठरली. त्या एकीने पाहिले असता निरोगी स्तनाच्या ऊतीत ते प्रथिन आढळलेच नाही. वीस वर्षे ज्यावर वाद झाला, त्यातले किती वाद एका प्रथिनाबद्दल होते आणि किती वेगवेगळ्या कुप्यांबद्दल होते, हे आता उकलणेही कठीण आहे. या कामांत रुग्ण स्त्रियांनी आपल्या शरीराचे नमुने विश्वासाने दिले होते, ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

२०१५ मध्ये अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्लुकथुन यांनी 'नेचर'मध्ये, ११० सहकाऱ्यांच्या पाठिंब्यासह, असा अंदाज मांडला की जगभरात अँटिबॉडींवर दरवर्षी खर्च होणाऱ्या १६० कोटी डॉलरपैकी निम्मे वाया जातात. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे, हे मान्य. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले मोजमाप त्याच्या फार दूर नाही. मॉन्ट्रियलमध्ये मूळ असलेल्या वायकॅरोस या प्रकल्पाने मज्जासंस्थेशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ अँटिबॉडीज नॉकआउट पेशींच्या तुलनेत तपासल्या. निम्म्याहून अधिक अँटिबॉडीज एका ना एका चाचणीत नापास झाल्या, आणि नापास अँटिबॉडीने मिळवलेली माहिती असलेले निबंध दर प्रथिनामागे सरासरी बाराच्या आसपास निघाले. याच अभ्यासाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे आणि ती क्वचितच सांगितली जाते. निम्म्या ते पाऊण प्रथिनांसाठी किमान एक उत्तम अँटिबॉडी बाजारात आधीपासूनच होती. म्हणजे चांगला माल आहे, पण तो कोणता हे कळण्याची सोय नाही. आणखी एक गोष्ट: कंपन्यांनी या तपासणीसाठी आपला माल स्वतःहून दिला, आणि निकाल आल्यावर नापास झालेल्यांपैकी कित्येक अँटिबॉडीज बाजारातून मागे घेतल्या, कित्येकांच्या वापराच्या शिफारशी बदलल्या. तेव्हा सगळा दोष विक्रेत्यावर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. विकत घेणाऱ्याने कधी पुरावाच मागितला नाही, तर विकणाऱ्याने तो का द्यावा?

बाजाराची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. सशाला किंवा शेळीला टोचून मिळवलेला रक्तद्रव त्या प्राण्याच्या आयुष्यापुरता असतो. तो प्राणी मेला की पुढचा लॉट दुसऱ्या प्राण्याचा, आणि त्याचा स्वभाव वेगळा. हायब्रिडोमाची अँटिबॉडी एकसारखी असते, असे आम्ही शिकलो आणि शिकवले. पण २०१८ मध्ये १८५ हायब्रिडोमांची तपासणी झाली तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश हायब्रिडोमांत अँटिबॉडीच्या अपेक्षेहून जास्तीच्या प्रथिन-साखळ्या तयार होत असल्याचे दिसले. एकच मूळ उत्पादन अनेक कंपन्या आपापल्या नावाने विकतात, त्यामुळे "दोन वेगळ्या अँटिबॉडींनी एकच उत्तर दिले" असे छातीठोकपणे लिहिणारा संशोधक कधीकधी एकाच कुपीला दोनदा साक्षीदार करत असतो. या सगळ्यावर तोडगा म्हणून रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुकाच्या अनुक्रमावरून पेशींकडून बनवून घेतलेली, अँटिबॉडी आता उपलब्ध आहे: तिचा अनुक्रम माहीत असतो, ती प्राण्याविना पुन्हा पुन्हा तशीच बनवता येते, आणि वायकॅरोसच्या तपासणीत ती इतरांपेक्षा सरस ठरली. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने २०२० मध्ये प्राण्यांपासून न मिळवलेल्या अँटिबॉडींकडे वळण्याची शिफारस केली, तिचाही रोख हाच होता. मला ती दिशा योग्य वाटते, मात्र रिकॉम्बिनंट म्हणजे आपोआप अचूक, असा नवा भाबडेपणा त्यातून जन्माला येऊ नये. चुकीच्या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडीसुद्धा रिकॉम्बिनंट पद्धतीने अगदी एकसारखी, कायमची बनवता येते.

रोगनिदानाच्या किटबाबत समाज इतका उदासीन नाही. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या रॅपिड अँटिबॉडी किटचे निकाल राज्याराज्यांत भलतेच येऊ लागले, तेव्हा आयसीएमआरने ते वापरणे थांबवायला आणि परत करायला सांगितले. चार दिवस सगळीकडे त्याचीच चर्चा होती. मलेरियाच्या रॅपिड किटमध्येही अँटिबॉडीजच असतात. बांधकामांवरच्या साचलेल्या पाण्यातून पसरलेला मलेरिया ज्या गोव्याने वर्षानुवर्षे पाहिला, त्याला त्या किटचे मोल वेगळे सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ ते २०१८ या काळात या किटची स्वतंत्र तपासणी आठ फेऱ्यांत करून निकाल जाहीर केले, आणि देशांनी खरेदी करताना ते निकाल पाहिले. संशोधनाच्या कुपीवर मात्र "फक्त संशोधनासाठी" एवढेच शब्द छापलेले असतात आणि त्या शब्दांनी ती सगळ्या नियमनातून सुटते. ज्या संशोधनातून उद्याचा किट घडणार, त्याच्या पायाशी असलेल्या कुपीला कमी कसोटी लावायची, हे तर्काला धरून नाही. तिच्यावर औषधाइतके कडक कायदे लादावेत असे मी म्हणत नाही. त्याने नवे काम गुदमरेल. पण कायदा नको म्हणजे पुरावाही नको, असे होत नाही.

गोव्याच्या बाबतीत ही अडचण आणखी एका अंगाने तीव्र होते. आपल्याकडे समुद्री जीवांवर मोठे काम चालते. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून उभी आहे, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे, जुन्या गोव्याला एला येथे किनारी शेती आणि मत्स्यपालनावर काम करणारी संस्था आहे. बाजारातली बहुतेक अँटिबॉडी तपासलेली असते ती माणूस आणि प्रयोगशाळेतले लहान व मोठे उंदीर (माऊस आणि रॅट) यांच्या प्रथिनांवर. बांगड्यावर किंवा शिणाण्या, तिसऱ्या या शिंपल्यांवर तिची तपासणी कोणी केलेली नसते. डेटाशीटवर फार तर असे लिहिलेले असते की अनुक्रमातील साम्यामुळे ती इतर प्रजातींतही चालेल असा अंदाज आहे, आणि तो अंदाज आपल्याकडे खात्री म्हणून वाचला जातो. उदाहरणादाखल व्हायटेलोजेनिन घ्या. हे अंड्यातल्या बलकाचे पूर्वप्रथिन. ते नर माशाच्या रक्तात सापडले तर पाण्यात इस्ट्रोजेनसारखे काम करणारे प्रदूषक आहेत असे समजतात. पण हे प्रथिन प्रजातीगणिक इतके बदलते की एका माशासाठी बनवलेली अँटिबॉडी दुसऱ्या माशात आंधळी ठरू शकते. अशा अँटिबॉडीने मांडवीतल्या किंवा झुआरीतल्या माशांत काही दिसले नाही, तर त्याचा अर्थ पाणी स्वच्छ आहे असा होईल की अँटिबॉडीला दिसत नाही असा? उद्या असाच एखादा आकडा किनाऱ्यावरच्या प्रकल्पाच्या परवानगीच्या कागदात गेला, तर तो वाचणाऱ्या अधिकाऱ्याला आणि मच्छीमाराला या दोन अर्थांतला फरक कळण्याचा कोणताच मार्ग उरत नाही.

या मागणीवर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला असा की आंतरराष्ट्रीय निबंधांत वापरलेली अँटिबॉडी आपण पुन्हा का तपासावी. ज्यांच्याकडे साधने आहेत त्यांनी ती तपासलीच असणार. वर दिलेले आकडे याचे उत्तर देतात. संदर्भांची संख्या हा लोकप्रियतेचा पुरावा असतो, आणि एखादी अँटिबॉडी वीस निबंधांत वापरली गेली याचा अर्थ एवढाच होऊ शकतो की एकोणीस जणांनी पहिल्याकडे पाहून ती घेतली. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: लहान विद्यापीठातल्या, दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेने हे करायचे कसे? संशोधन शिष्यवृत्तीवर असलेल्या मुलाला २०२३ च्या दराने सुरुवातीला महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, आणि एक कुपी तेवढ्याचीच येते. त्याला पाच वर्षांत प्रबंध द्यायचा असतो, निबंध छापून यायला हवेत, आणि तपासणीत गेलेल्या महिन्यांना कोणत्याच तक्त्यात गुण नाहीत. अशा वेळी "तपासून घ्या" हा नुसता उपदेश करणे म्हणजे व्यवस्थेची चूक सर्वांत दुबळ्या माणसाच्या खांद्यावर टाकणे होय. म्हणूनच माझी मागणी विद्यार्थ्याकडे नाही. ती पैसा देणाऱ्यांकडे आणि संस्था चालवणाऱ्यांकडे आहे.

तपासणी कशी करावी, हे आता गुपित राहिलेले नाही. २०१६ मध्ये मथियास उलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच मार्ग सांगितले. त्यांतला सर्वांत निर्णायक म्हणजे जनुक काढून टाकलेल्या पेशीत अँटिबॉडी गप्प बसते का, हे पाहणे. क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रामुळे अशा पेशी बनवणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. जिथे नॉकआउट शक्य नाही, तिथे रेणूंचे वजन मोजून ते ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीसारख्या, अँटिबॉडीवर न विसंबणाऱ्या पद्धतीशी ताडून पाहता येते. माशांच्या आणि शिंपल्यांच्या कामाला तोच मार्ग सोयीचा पडेल. हे प्रत्येकाने आपापल्या खोलीत एकट्याने करायचे तर ते महाग आहे, पण गोव्यात ते एकट्याने करण्याची गरजच नाही. दोनापावला, ताळगाव, बांबोळी आणि जुने गोवे ही ठिकाणे एका सकाळच्या फेरीत उरकतील इतकी जवळ आहेत; झुआरी पूल ओलांडला की झुआरीनगरचे बिट्स पिलानीचे संकुल येते. एवढ्या अंतरात समुद्रविज्ञान, वैद्यक, शेती आणि जीवशास्त्र या सगळ्यांच्या प्रयोगशाळा असणे हे मोठ्या राज्यांच्या वाट्याला न आलेले भाग्य आहे. तरीही एकाच प्रथिनासाठी दोन संस्था एकमेकींना न विचारता दोन कुप्या मागवतात, आणि एकीला कळलेला दोष दुसरीला कधीच कळत नाही.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. गोव्यातल्या संस्थांनी मिळून एक सामायिक नोंदवही ठेवावी: कोणती अँटिबॉडी, कोणता कॅटलॉग क्रमांक, कोणता लॉट, आरआरआयडी हा तिचा कायमचा ओळखक्रमांक, कोणत्या पेशीत किंवा प्राण्यात, कोणत्या पद्धतीत, आणि निकाल काय, नापास निकालही त्यात तितक्याच सन्मानाने लिहावा आणि मूळ ब्लॉटचे न कापलेले छायाचित्र सोबत ठेवावे. नॉकआउट पेशींचा एक लहान साठा एका ठिकाणी, द्रवरूप नायट्रोजनमध्ये, सर्वांसाठी खुला असावा. आणि खरेदीचा अर्ज बदलावा. अनेक ठिकाणी तीन कोटेशन मागवून सर्वांत कमी दर देणाऱ्याकडून माल घेण्याची पद्धत आहे. खुर्च्यांच्या बाबतीत ती ठीक. पण अँटिबॉडीच्या अर्जात "प्रथिनाचे नाव आणि मात्रा" एवढेच लिहिले, तर संशोधकाने अभ्यास करून निवडलेल्या क्लोनच्या, म्हणजे विशिष्ट पेशीवंशातून आलेल्या अँटिबॉडीच्या, जागी तीनशे रुपयांनी स्वस्त असा भलताच क्लोन येतो. तो आलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे आणि परत पाठवण्यासाठी तीन महिने पत्रव्यवहार केला आहे. क्लोनचे नाव, अनुक्रम उपलब्ध आहे का, आणि नॉकआउटमधला पुरावा आहे का, असे तीन रकाने त्या अर्जात वाढवले आणि ते न भरणारे कोटेशन अपात्र ठरवले, तर विक्रेत्यांपर्यंत हा निरोप वेगळ्या पत्राविना पोहोचेल.

केंद्राच्या पातळीवर जैवतंत्रज्ञान विभागाने आणि नव्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात उपकरणे, रसायने, प्रवास यांच्या शेजारी "साधनांची तपासणी" हा वेगळा खर्च मान्य करावा. त्याहून अवघड, पण त्याहून आवश्यक गोष्ट म्हणजे प्रबंध तपासणाऱ्यांची नजर बदलणे. ज्या प्रबंधात अँटिबॉडी नापास झाल्याचे एक स्वच्छ प्रकरण आहे, तो प्रबंध अपुरा मानला जाऊ नये. माझ्या त्या विद्यार्थिनीला तिच्या आठ महिन्यांचे काय झाले, हे प्रबंधात लिहू नकोस, असा सल्ला मीच दिला होता. परीक्षक विचारतील, वेळ जाईल, या भीतीने. तो सल्ला चुकीचा होता. त्या दोन पानांनी दुसऱ्या कोणाचे तरी आठ महिने वाचले असते.

ती आता दुसऱ्या संस्थेत स्वतःचे विद्यार्थी घडवते. वाळपईच्या एका मुलाच्या संशोधनाचा आराखडा तिने परवा मला वाचायला पाठवला. विषय खाडीतल्या शिणाण्यांमधल्या तणाव-प्रथिनांचा आहे. त्याच्या वेळापत्रकात पहिले सहा महिने कोणताही निष्कर्ष नाही. त्या जागी फक्त असे लिहिले आहे की विकत घेतलेल्या तिन्ही अँटिबॉडीज शिणाण्यांमध्ये खरोखर काय ओळखतात, हे मास स्पेक्ट्रोमेट्रीने ताडून पाहायचे, आणि एकही योग्य ठरली नाही तर तसे नोंदवून पद्धत बदलायची. हा आराखडा पुढच्या महिन्यात समितीपुढे जाईल. "सहा महिन्यांत हाती काय येणार?" असा प्रश्न तिथे कोणीतरी विचारेल, कारण तो नेहमीच विचारला जातो. त्या समितीतल्या सदस्यांना माझी मनापासून विनंती आहे की त्यांनी ते सहा महिने कापू नयेत.